जागा दाखवा
लेखमाला ‘कान देऊन’ : भाग ७

टीव्हीवर गाण्याची स्पर्धा लागली की आमच्या घरात तीन परीक्षक असतात. सासूबाई म्हणतात, “गोड गायली हो पोर.” मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणतो, “ओव्हर करतेय.” आणि मी पाठकोऱ्या कागदावर काहीबाही खरडत असते. तिघांपैकी सासूबाईंचं मत मंचावरच्या परीक्षकांशी सर्वांत जास्त वेळा जुळतं. तेही तेवढंच म्हणतात, फक्त उभं राहून आणि टाळ्या वाजवत.

गेल्या आठवड्यात आपण पट्टीबद्दल बोललो. काळी चारमध्ये सहज फिरणारा गळा काळी पाचमध्ये का घुसमटतो, हे पाहिलं. आज त्यापुढचा प्रश्न: गाणं संपल्यावर त्याच्याबद्दल बोलायचं काय? ‘छान’, ‘अप्रतिम’, ‘अंगावर काटा आला’ याखेरीज?

उत्तर आपल्याच भाषेत पडलेलं आहे. गाणाऱ्यांच्या बोलीत ‘जागा’ नावाचा एक शब्द आहे. मैफलीत एखादा दर्दी “काय जागा घेतली!” म्हणून मांडीवर थाप मारतो, तेव्हा त्याला चालीतलं एक नेमकं ठिकाण सापडलेलं असतं. तिथे गाणाऱ्याने सरळ वाट सोडून एक छोटी मुरकी घेतलेली असते, किंवा घ्यायची ती गाळून नुसता सूर धरलेला असतो. शेजारी बसलेल्यालाही ती जागा लगेच कळते, कारण दाद तिथल्या तिथे पडते. परीक्षण म्हणजे हीच दाद, फक्त गाणं संपल्यावर आणि शब्दांत द्यायची. जागा दाखवता आली तर ते परीक्षण, नाहीतर ती आपली आवड. आवड असायला काहीच हरकत नाही, पण तिला परीक्षकाची खुर्ची कशाला?

हे आपल्याकडे कुणी केलंच नाही असं मात्र नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे, राजा सिंघणाच्या पदरी, शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. घराणं मूळचं काश्मीरचं, हुद्दा श्रीकरणाधिप, म्हणजे हिशेबाच्या खात्याचा प्रमुख. या गृहस्थाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला आणि त्यात गाणाऱ्यांचे दोषही हिशेबनिसाच्याच शिस्तीने मांडले. एकूण पंचवीस. दात आवळून गातो तो संदष्ट. श्वास घेताना सुस्कारा ऐकू येतो तो सूत्कारी. घाबरत गातो तो भीत. आवाज कापतो तो कंपित. तोंड भयंकर वासतो तो कराली, कावळ्यासारखा कर्कश तो काकी. कपाळाच्या आणि गळ्याच्या शिरा ताणून गातो तो झोंबक, मान वाकडी करून गातो तो वक्री. शब्द कळू देत नाही तो अव्यक्त, नाकात गातो तो सानुनासिक, डोळे मिटून गातो तो निमीलक.

ही यादी घेऊन एकदा शनिवारी रात्री टीव्हीसमोर बसून बघा. झोंबकाला आज ‘पॅशन’ म्हणतात, निमीलकाला ‘फील’. (निमीलकाच्या बाबतीत मी शार्ङ्गदेवाशी भांडेन. डोळे मिटून गाणाऱ्या थोरांची नावं काढायला बसलं तर हा भाग त्यातच संपेल.) मला मोह पडतो तो दोष मोजण्याचा नाही. या प्रत्येक शब्दात एक निरीक्षण आहे, याचा. ‘सूत्कारी’ म्हटलं की गाणाऱ्याला घरी जाऊन काय दुरुस्त करायचं ते कळतं. ‘मजा नाही आला’ म्हटलं की काहीच कळत नाही. व्याकरणही कळत नाही.

मग टीव्हीवरचं परीक्षण विशेषणांच्या आहारी गेलं कधी? १९९५ साली झी टीव्हीवर ‘सा रे ग म’ सुरू झालं. सूत्रसंचालक सोनू निगम, पहिली विजेती आपली संजीवनी भेलांडे. शास्त्रीय गायक, वादक आणि संगीतकार परीक्षक म्हणून येत, गुण देत आणि त्या गुणांवर निकाल लागे. परीक्षक बोलत तेव्हा ऐकणारा एकच, समोर उभा असलेला गायक. दहा वर्षांनी, मार्च २००५ मध्ये, मुंबईचा अभिजीत सावंत पहिला ‘इंडियन आयडॉल’ झाला तो प्रेक्षकांच्या मतांवर. एसएमएस आले आणि परीक्षकाच्या बोलण्याचा पत्ताच बदलला. आता ते वाक्य गायकाला उद्देशून असलं तरी जायचं असतं सोफ्यावर बसलेल्या मतदाराकडे. प्रचारसभेत उमेदवाराची श्वास घेण्याची सवय कोण काढतं?

२०२१ मध्ये तर हे उघडच झालं. ‘इंडियन आयडॉल’च्या बाराव्या पर्वात किशोरकुमारांच्या गाण्यांचा विशेष भाग झाला, पाहुणे म्हणून त्यांचे चिरंजीव अमित कुमार आले होते. नंतर मुलाखतीत त्यांनी सांगून टाकलं की, सगळ्यांचं कौतुक करा असं आपल्याला सांगण्यात आलं होतं आणि तो भाग आपल्याला रुचला नव्हता. आधीच्या पर्वांत परीक्षक राहिलेल्या सुनिधी चौहान यांनीही त्याच सुमारास असाच अनुभव सांगितला. गदारोळ झाला, पण मला त्यात नवल वाटलं नाही. दर आठवड्याला प्रत्येकच गाणं ‘आजवरचं सर्वोत्तम’ कसं ठरतं, हा साधा हिशेबही इतके दिवस जुळत नव्हताच.

तर मंचावरून जागा कळणार नसतील, तर त्या आपल्याला घरी शोधाव्या लागणार. कुठे शोधायच्या?

ध्रुवपदात नाही. ध्रुवपद सगळे चांगलं गातात; महिनाभर घोटलेलं असतं. माझी पेन्सिल पहिल्यांदा थांबते ती ओळीच्या शेवटी. लांब सूर धरला की श्वास संपत येतो आणि त्याच क्षणी सूर किंचित उतरतो. केसाइतका. अनुभवी गायक तो उतरण्याआधीच सोडून देतो, नवखा हट्टाने धरून ठेवतो आणि वर टाळ्या मिळवतो. दुसरी जागा श्वासाची. शब्दाच्या मधोमध श्वास घेतला की अर्थाचे दोन तुकडे होतात. सुलोचना चव्हाणांच्या लावण्या ऐकताना शब्दन् शब्द हातात दिल्यासारखा येतो, तो गळ्याइतकाच श्वासाच्या नियोजनामुळे. मराठी गाण्यात हे फार महत्त्वाचं, कारण भावगीत असो की लावणी, आपल्याकडे चाल बहुतेक वेळा शब्दाचं बोट धरून चालते.

तिसरी जागा खालची. मंद्र सप्तकात आवाज ठेवणं हे तार सप्तकात किंचाळण्यापेक्षा अवघड आहे, पण खालच्या सुरावर कॅमेरा फिरत नाही, दिवे लागत नाहीत. हृदयनाथ मंगेशकरांची चाल कुणी निवडली की मी सावरून बसते. वर-खाली अशा काही उड्या असतात की गळ्याचे दोन्ही मजले एकदम उघडे पडतात. तिथे वरचा सूर लागला म्हणून नाचू नका. खाली उतरताना पायरी चुकली का ते बघा.

आणि शेवटी दुसरा अंतरा. तो खरा कसाला लावतो. गळा थोडा थकलेला असतो, चाल तीच पण शब्द वेगळे, म्हणजे मघाचीच जागा जशीच्या तशी घेऊन चालत नाही. अर्थ बदलला की वजन बदलायला हवं. ज्याला ते कळलं त्याने गाणं समजून घेतलंय. ज्याला नाही त्याने पाठ केलंय. शार्ङ्गदेवाने गायकांचे पाच प्रकार सांगितले आहेत, त्यांत एक ‘अनुकार’ आहे. दुसऱ्याची हुबेहूब नक्कल करणारा. आज “डोळे मिटले तर ओरिजिनलच वाटलं” ही सर्वांत मोठी शाबासकी समजली जाते. मूळ गायिकेच्या हरकती, तिचा श्वास, इतकंच काय तिला त्या दिवशी झालेली सर्दीसुद्धा उचलतात मुलं. शिकण्याच्या एका टप्प्यावर हे योग्यच आहे. पण मग परीक्षकाने स्पष्ट म्हणावं की, ‘तू उत्तम अनुकार आहेस, आता पुढे काय?’

इथे एक तांत्रिक अडचण सांगायला हवी. टीव्हीवर येतो तो आवाज मंचावरचा जसाच्या तसा नसतो. त्यात घुमारा मिसळलेला असतो, वाद्यांचा तोल साधलेला असतो, कधी कधी सूरही दुरुस्त केलेले असतात. ब्रिटनच्या ‘द एक्स फॅक्टर’ने २०१० साली निवडफेरीतल्या आवाजांवर ऑटो-ट्यून वापरल्याचं मान्य केलं, तेव्हा तिथल्या प्रेक्षकांनी आकाशपाताळ एक केलं होतं. हे सॉफ्टवेअर १९९७ मध्ये बाजारात आणणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेलशोधाच्या क्षेत्रात, जमिनीखालून परतणाऱ्या लहरींच्या विश्लेषणाचं काम करत. जमिनीतलं तेल हुडकण्याची विद्या गळ्यातला बेसूर हुडकायला कामी आली! पण हे यंत्र सूर जवळच्या घराला चिकटवतं. आपली मींड म्हणजे दोन घरांमधली घसरगुंडी, तिचा कधी कधी जिना होऊन जातो. सूर तर बरोबर, पण कडेकडेने कातरल्यासारखा ऐकू आला, तर शंका घ्यायला जागा आहे. श्वास, शब्द, वजन यांची दुरुस्ती मात्र यंत्राला इतकी सहज जमत नाही. म्हणून माझा भर त्यांवर.

कानाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणाल तर डोळा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या चिया-जुंग त्साय यांनी २०१३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. शास्त्रीय संगीताच्या स्पर्धांतल्या अंतिम फेरीच्या छोट्या चित्रफिती लोकांना दाखवल्या आणि विजेता ओळखायला सांगितला. नुसता आवाज ऐकणाऱ्यांपेक्षा आवाज बंद करून नुसतं चित्र पाहणाऱ्यांनी विजेते जास्त अचूक ओळखले. यात सामान्य माणसं होती तशी संगीत हाच व्यवसाय असलेलीही होती. म्हणजे परीक्षकांनी मुळात निकाल दिला तोच बऱ्याच अंशी डोळ्यांनी. नेदरलँड्समध्ये २०१० साली सुरू झालेल्या ‘द व्हॉइस’ने परीक्षकांच्या खुर्च्या गायकाकडे पाठ करून ठेवल्या, त्यामागे तमाशा पुष्कळ असला तरी मूळ कल्पना शहाणपणाची होती. आम्ही घरी त्यावर बिनखर्चाचा उपाय काढलाय. स्पर्धकाचं गाणं सुरू झालं की मी पोळ्या लाटायला उठते.

क्रमाचंही असंच. ब्रुसेल्समध्ये क्वीन एलिझाबेथ नावाची मानाची संगीतस्पर्धा होते. तिथे वाजवण्याचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरतो, तरी शेवटच्या दिवसांत वाजवणाऱ्या पियानोवादकांना वरचे क्रमांक मिळण्याकडे कल दिसतो, असं अर्थशास्त्रज्ञांनी निकाल तपासून दाखवून दिलं. मला हे वाचायच्या आधीच पटलं होतं. वीस वर्षांपूर्वी एका गणेशोत्सवातल्या स्पर्धेत मी परीक्षक होते. पहिल्याच मुलीला दहापैकी सहा दिले, पुढे कोण कसं गाईल कुणास ठाऊक म्हणून. रात्री साडेअकराला शेवटच्या मुलाला नऊ. नंतर आयोजकांनी कॅसेट पाठवली. पहिली मुलगी त्या मुलापेक्षा कितीतरी उजवी होती. दुसऱ्या अंतऱ्यात तिने एक जागा अशी काही हलकेच सोडून दिली होती की मी कॅसेट चार वेळा मागे घेतली. तिला तेव्हा उत्तेजनार्थही मिळालं नव्हतं. त्यानंतर आकडे लिहिणं मी बंद केलं, ओळी लिहायला लागले.

मराठीत हे सगळं ज्या कार्यक्रमाने घराघरांत नेलं तो अर्थातच २००८-०९चा ‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’. अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक, पल्लवी जोशी सूत्रसंचालक. गुण आकड्यांत नाही, स्वरांत. ‘नी’ मिळाला की घरोघरी जल्लोष. कल्पना मला तेव्हाही गोड वाटली होती, पण परीक्षणाच्या दृष्टीने ‘नी’ आणि दहापैकी नऊ यांत फरक काय? खरा पेच वेगळाच होता. आळंदीची कार्तिकी गायकवाड भजन-गौळणीच्या खुल्या आवाजातून आलेली. आर्या आंबेकरची आई शास्त्रीय गायिका. प्रथमेश लघाटे कोकणातल्या आरवलीचा, ओढा नाट्यपदांकडे. रोहित राऊत लातूरचा, मुग्धा वैशंपायन अलिबागची आणि सगळ्यांत धाकटी. पाच गळे, पाच मातीतले. गौळणीचा ठसका आणि नाट्यपदाची तान एकाच तागडीत कशी घालणार? फेब्रुवारी २००९ मध्ये कार्तिकी जिंकली तेव्हा गल्लोगल्ली भांडणं झाली, ती खरं तर या तागडीबद्दलची होती. २०२१ मध्ये हेच पाचजण त्याच कार्यक्रमाच्या नव्या पर्वात परीक्षकांच्या खुर्चीत बसले. नुसती वाहवा आणि नेमकी सूचना, यांतलं काय कामाला येतं हे त्यांनी लहानपणी स्वतः अनुभवलेलं. ते काय बोलतात याकडे माझे कान टवकारलेले असत.

लहान मुलांना दोष दाखवू नयेत असं पुष्कळांना वाटतं. मला उलट वाटतं. नऊ वर्षांच्या मुलीला ‘किती क्यूट’ म्हणणं म्हणजे तिने वर्षभर केलेल्या रियाजाकडे काणाडोळा करणं. आवाज चढवायचा नाही, चारचौघांत हसायचं नाही, पण ‘तिसऱ्या ओळीत श्वास आधी घे’ हे तिला नक्की पेलतं. गाण्याच्या शिकवणीत तेच तर रोज चालतं.

पुढच्या आठवड्यात लयीकडे वळू. ठेका धावत असताना गायक मागे रेलून कसा चालतो, ते. तोवर नमुन्यादाखल परवाच्या भागातली माझी नोंद देते. मुलगी, भावगीत, पट्टी काळी चार. ध्रुवपद: शब्द स्वच्छ, दुसऱ्या ओळीच्या शेवटी सूर धरला नाही, सोडला, छान. पहिला अंतरा: खालचा सूर नुसता हवेचा, आवाज नाही, वर जाताना ‘ध’वर थांबली ती स्वतःची जागा, मूळ गाण्यात नाही. सासूबाई म्हणाल्या गोड. बरोबर.

त्याखाली मी ‘दुसरा अंतरा’ असं लिहून पुढे दोन टिंबं दिली आहेत आणि बाकी ओळ कोरी आहे. टीव्हीवर दुसरा अंतरा झालाच नाही. तेवढ्यात परीक्षक उभे राहिले होते.