गाडी माझी, फ्यूज सगळ्यांचा

इलेक्ट्रिक कार घेतली, पेट्रोलपंपाला टाटा-बायबाय केलं, एकदम भारी वाटलं. मग मे महिन्यातल्या एका रात्री बेलपाड्यातली आमची अर्धी बिल्डिंग अंधारात गेली आणि मी पहिल्यांदा मीटरबॉक्सचं दार उघडून आत डोकावलो.

रात्रीचे दहा-चाळीस. मी खिडकीत उभा, हातात कोल्ड कॉफी, खाली गल्लीत माझी गाडी. एसीच्या प्लगमधून निघालेली जाड काळी केबल खिडकीच्या ग्रिलमधून खाली सोडलेली आणि तिचं टोक थेट गाडीत. रोजचा सीन. तेवढ्यात खालून ‘फट्’ असा आवाज आला आणि पंखा हळूहळू थांबला. गंमत म्हणजे समोरच्या बिल्डिंगमध्ये लाइट होते, आमच्याच काही घरांतही होते. ‘एक फेज गेला वाटतं,’ अंधारातून कुणीतरी म्हणालं.

मी मनात म्हटलं, चला, येईल दहा मिनिटांत. आणि दुसऱ्या मजल्यावरून काकूंची हाक आली.

त्यांच्या घरी काकांना फुप्फुसाचा जुना आजार. रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर लावल्याशिवाय झोप नाही, आणि ते यंत्र चालतं विजेवर. कोपऱ्यात सिलिंडर होता, अशाच वेळेसाठी ठेवलेला. पण त्याची चावी काकूंच्या हाताने फिरत नव्हती. मोबाइलचा टॉर्च दातात धरून मी ती फिरवली. काका पलंगावर पुढे वाकून बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. नळी लागल्यावर त्यांनी मला नुसती हाताने खूण केली, बस म्हणून. तासभर बसलो. त्या तासाभरात काकूंनी माझ्या गाडीचं नावही काढलं नाही. ते मला जास्त लागलं.

खरं तर तोवर मला खात्रीही नव्हती की हे माझ्यामुळे झालंय. ती दिली वायरमनने. त्याने पॅनेलमधून चिनी मातीचा किटकॅट फ्यूज ओढून काढला, काळा पडलेला, आणि मला विचारलं, ‘ती केबल तुमची का?’

एक किलोवॅटचा माणूस

तुमच्या विजेच्या बिलावर ‘मंजूर भार’ असा एक रकाना असतो. बघितलाय कधी? मीही नव्हता बघितला. माझ्या बिलावर आकडा होता एक किलोवॅट. म्हणजे हे घर एका वेळी साधारण एवढीच वीज ओढेल, असं गृहीत धरून मागची सगळी व्यवस्था उभी आहे. दीड टनाचा एसी एकटाच दीड किलोवॅटच्या आसपास खातो. माझी गाडी साध्या पॉवर प्लगवर ३.३ किलोवॅट घेते. भिंतीवर बसवायचा मोठा चार्जर असेल तर ७.२. म्हणजे एसी आणि गाडी मिळून मी एकटाच पाच घरांचा माणूस झालो होतो, आणि बिल वेळेवर भरतो म्हणून स्वतःला सज्जन समजत होतो.

वायरमनने आणखी एक गोष्ट दाखवली. बिल्डिंगमध्ये तीन फेज येतात आणि घरं त्या तिघांवर सारखी वाटलेली असायला हवीत. आमच्याकडे वर्षानुवर्षं ज्याने-त्याने एसी लावताना जिथे जागा दिसली तिथे जोडून घेतलं होतं. त्यामुळे एका फेजवर चार एसी, माझी गाडी आणि काकांचं यंत्र. बाकीचे दोन फेज आरामात. ‘गाडीने नाय उडवला साहेब,’ तो म्हणाला, ‘गाडी शेवटची आली एवढंच.’ मला बरं वाटावं म्हणून म्हणाला असेल. पण त्याचं वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

ज्यांनी बेलपाडा पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: खारघरच्या सेक्टरांच्या आखीव रस्त्यांमधून चालत असताना अचानक रस्ता अरुंद होतो, बिल्डिंगा एकमेकींच्या खांद्याला खांदा लावून उभ्या राहतात, आणि तुम्ही गावात आलेले असता. जुन्या घरांच्या जागी मालकांनी तीन-चार मजले चढवले, भाड्याने दिले, आणि आमच्यासारखी ऑफिसवाली मंडळी येऊन राहिली. १७ नोव्हेंबर २०२३ला नवी मुंबईची मेट्रो सुरू झाली तेव्हा गावाच्या नावाचं स्टेशन आलं. भाडीही लगेच जागी झाली, तो विषय वेगळा. इथे सोसायटी नाही, एजीएम नाही, एनओसी न देणारा सेक्रेटरी नाही. आहेत ते मालकदादा. पलीकडच्या टॉवरमधले मित्र सोसायटीने चार्जिंग पॉइंटला नकार दिला म्हणून रडतात, तेव्हा मी कॉलर टाइट करायचो. मला कुणाला विचारावंच लागलं नव्हतं. पण ज्याला कुणी विचारत नाही, त्याला कुणी थांबवतही नाही, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

आपली हार्बर लाइन शंभर वर्षांपूर्वीच ‘ईव्ही’

विजेवर धावणारी गाडी आपल्याला नवी वगैरे नाही. देशातली पहिली विजेवरची रेल्वेगाडी ३ फेब्रुवारी १९२५ला तेव्हाच्या व्हीटीवरून कुर्ल्यापर्यंत धावली, तीही हार्बर मार्गावर! त्याच्या दहा वर्षं आधी, १९१५ साली, टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून घाटातल्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोचली होती. फरक इतकाच की लोकलसाठी कुणीतरी आधी बसून हिशेब केला: गाड्या किती, कुठल्या वेळी, किती वीज, सबस्टेशन कुठे. आपल्या गाड्यांचं तसं नाही. ज्याला जेव्हा परवडली तेव्हा त्याने घेतली आणि घरी आल्यावर प्लग लावला. सगळे साधारण एकाच वेळी घरी येतात, हीच तर गोम आहे.

जरा हिशेब करू, सोपा आहे. माझं ऑफिस ऐरोलीला. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर धरा. गाडी एका युनिटमध्ये साधारण सात किलोमीटर जाते, म्हणजे रोज सहा युनिट. साध्या प्लगवर दोन तासांचं काम. नवी मुंबईत अशा एक लाख गाड्या आल्या असं समजा. दिवसाला सहा लाख युनिट. चोवीस तासांत सारखे वाटले तर भार फक्त २५ मेगावॅट, कुणाच्या खिजगणतीतही नाही. पण तेच एक लाख लोक रात्री दहाला जेवून एकदम प्लग लावू लागले तर ३३० मेगावॅट! वीज तेवढीच, गाड्या त्याच. तेरा पटींचा फरक फक्त घड्याळाचा आहे.

म्हणूनच ‘इलेक्ट्रिक गाड्या आल्या तर देशाची वीज संपेल’ असं कुणी लिफ्टमध्ये सांगायला लागलं की मी आता वाद घालतो. ३० मे २०२४ला देशाची विजेची मागणी २५० गिगावॅटच्या घरात गेली होती आणि तो भार ग्रिडने पेलला. तो विक्रम उकाड्याचा होता, गाड्यांचा नव्हे. नॉर्वेत २०२४ साली विकल्या गेलेल्या दर दहा नव्या कारपैकी जवळपास नऊ इलेक्ट्रिक होत्या. तिथे अंधार झाला नाही. अर्थात तिथलं घर थंडीत हीटरवर चालतं, त्यामुळे घरात येणारी वायरच मुळात दणकट. आपल्याकडे ग्रिड वरून मजबूत होतंय आणि शेवटच्या शंभर मीटरमध्ये, म्हणजे डीपीपासून तुमच्या मीटरपर्यंत, धाप टाकतंय.

आणि वरूनही सगळं आपोआप झालेलं नाही. १२ ऑक्टोबर २०२० आठवतोय? सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम ठप्प, लोकल जागच्या जागी, वर्क फ्रॉम होमवाल्यांचे लॅपटॉप एकेक करून मान टाकत होते. मुंबईला वीज आणणाऱ्या ४०० केव्हीच्या वाहिन्या एकामागोमाग बंद पडल्या आणि उरलेल्यांवर न पेलणारा बोजा आला. आमच्या पॅनेलसारखंच, फक्त कितीतरी मोठं. त्यानंतर खारघर-विक्रोळी वाहिनीच्या कामाला जोर आला आणि २०२३च्या ऑक्टोबरमध्ये ती सुरू झाली; मुंबईत आणखी हजार मेगावॅट आणण्याची सोय त्यातून झाली. म्हणजे बघा, बीकेसीतल्या काचेच्या ऑफिसांत लागणाऱ्या विजेचा एक रस्ता आमच्या खारघरमधून जातो आणि इथे गल्लीत माझा किटकॅट उडतो. हा विनोद मालकदादांना सांगून पाहिला. हसले नाहीत.

दुपारची गाडी, रात्रीचा एसी

त्या रात्रीनंतर मी आठवडाभर मेट्रो-लोकलने गेलो. लाजेने म्हणा. मग पहिला उपाय मोबाइलमध्येच सापडला. गाडीच्या अ‍ॅपमध्ये चार्जिंगची वेळ लावता येते, हे मला गाडी घेतल्यापासून माहीत होतं आणि मी ते गाण्यांच्या इक्वलायझरसारखं दुर्लक्षित ठेवलं होतं. आता गाडी पहाटे तीनला सुरू होते. तोवर खोल्या गार झालेल्या असतात, कॉम्प्रेसर दम घेत असतात, पाचला काम फत्ते. वायरमनने मला दुसऱ्या फेजवर टाकलं आणि गाडीसाठी वेगळी वायर, वेगळा एमसीबी आणि नीट अर्थिंग करायला लावलं. एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी लावणारे अजूनही दिसतात. कृपा करून नका लावू. तासन्‌तास पंधरा अँपिअर वाहायला तो केलेला नसतो. तो आधी गरम होतो, मग वितळतो.

पण पहाटेसुद्धा खरं उत्तर नाही, असं माझं मत झालंय. डीपीचा ट्रान्सफॉर्मर दिवसभर तापतो आणि रात्री भार उतरला की थंड होतो. तीच त्याची विश्रांती. सगळ्यांनी पहाट धरली तर तीही जाईल. खरी सुट्टी आहे दुपारी. राज्यात सौर वीज वाढतेय, भर उन्हात ती मुबलक असते, म्हणूनच १ जुलै २०२५पासून महावितरणने स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकांसाठी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचच्या वापराला युनिटमागे ८० पैशांपासून पुढे वाढत जाणारी सवलत आणली. सांगायचा मुद्दा काय, तर त्या वेळात आपण सगळे ऑफिसात असतो आणि आपल्या गाड्या बेसमेंटमध्ये झोपलेल्या असतात. राज्याच्या २०२१च्या ईव्ही धोरणात नव्या इमारतींच्या पार्किंगचा काही भाग चार्जिंगसाठी सज्ज ठेवण्याची गोष्ट होती. आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये दोन चार्जर आहेत. गाड्या अकरा. त्यावरून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जे चालतं ते छापण्यासारखं नाही. कॉफी मशीन, बीनबॅग आणि फूसबॉल टेबल मागणाऱ्या आपल्या पिढीने एचआरकडे अजून चार प्लग मागितले तर मला वाटतं जास्त उपयोग होईल. मी मेल टाकलाय. ‘वी विल रिव्हर्ट’ आलंय.

इकडे मालकदादांनी बिल्डिंगचा भार वाढवून घ्यायचं मनावर घेतलं. अर्ज, लोडचा तक्ता, नवी जाड सर्विस केबल, वेगळं पॅनेल. खर्च कोणी किती द्यायचा यावर जिन्यात तीन बैठका झाल्या. ‘ज्याच्याकडे गाडी त्याने द्यावा,’ असं तिसऱ्या मजल्याचं म्हणणं. ‘मग ज्याच्याकडे दोन एसी त्याने काय द्यावं?’ असं माझं. काकू मध्येच म्हणाल्या, ‘आमच्या मशीनचंही धरा हो, आम्हीपण लोडच आहोत.’ त्यावर कुणाला काही बोलता येईना. शेवटी अर्धा मालकांनी, अर्धा सगळ्यांनी मिळून, आणि माझा हिस्सा दुप्पट. मी ‘हो’ म्हणालो.

काकांच्या खोलीत आता लहान इन्व्हर्टर आहे, यंत्रापुरता. सिलिंडरची चावी कशी फिरवायची हे मजल्यावरच्या चार पोरांना येतं. मीटरबॉक्सच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय: कोण कुठल्या फेजवर, गाडी किती वाजता. परवा बघितलं तर माझ्या नावाखाली पेनाने दोन नवी नावं होती. एकाने स्कूटर बुक केलीय, दुसऱ्याने कार. कारवाला तिसऱ्या मजल्याचा. भेटला जिन्यात.

‘तीन ते पाच तुझी ना?’ तो म्हणाला. ‘मग मला एक ते तीन चालेल.’