गाडी तापली की आधी झाकणापासून हात लांब
एप्रिल-मेमध्ये कसारा किंवा खंबाटकीच्या चढावर बॉनेट उघडं टाकून थांबलेल्या गाड्या दिसतात. तिथे कुणीतरी हमखास सांगतं, ‘जाड फडकं घ्या, रेडिएटरचं झाकण हळूच फिरवा, काही होत नाही.’ या सल्ल्यापायी माणसं तोंड आणि हात भाजून घेतात.

पाणी १०० अंशांना उकळतं, पण ते उघड्या भांड्यात. रेडिएटरचं झाकण आत साधारण एक बार जादा दाब धरून ठेवतं. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल, तर मोकळ्या हवेत ते १०७ अंशांच्या आसपास उकळतं. या दाबाखाली मात्र १२५ अंशांपर्यंतही उकळत नाही. तापलेल्या इंजिनात ते ११५ अंशांवर असलं, तरी बाहेरून काहीच कळत नाही. झाकण सैल झालं की दाब एकदम उतरतो आणि त्याच क्षणी आतलं पाणी उकळून उसळतं. पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १६०० पट वाढतं. फडक्याने तो फवारा अडत नाही. उलट भिजलेलं फडकं कातडीला चिकटून आणखी भाजतं.

‘नव्या गाडीत प्लॅस्टिकची टाकी असते, तिचं झाकण उघडायला हरकत नाही,’ हेही धोक्याचं आहे. बऱ्याच गाड्यांत दाब धरणारं झाकण त्या टाकीवरच असतं. इंजिन बंद करा आणि निदान अर्धा तास, बहुतेकदा त्याहून जास्त थांबा. रेडिएटरचा वरचा होजपाइप गार झाल्याशिवाय झाकणाला हात लावू नका.

घाईला आलेली माणसं मग इंजिनवर गार पाणी ओततात. त्याने हेड वाकू शकतं, ब्लॉकला तडा जाऊ शकतो. गाडी चालू असतानाच तापमानाचा काटा वर चढू लागला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण लावा. आत उकडेल, पण इंजिनची बरीच उष्णता तिकडे निघून जाते. सुरक्षित जागा दिसताच थांबा.

किल्ली काढली म्हणजे पंखा बंद, असंही समजू नका. अनेक गाड्यांत विजेवरचा पंखा किल्ली काढल्यावरही आपोआप फिरू लागतो. ओढणी, सैल बाही, बोटं लांब ठेवा. पंख्याजवळ काम असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा.

इंजिन गार झाल्यावर कूलंट भरायचं असेल, तर लक्षात ठेवा, रंगावरून त्याचा प्रकार ठरत नाही. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलंच वापरा.

आणि काढलेलं कूलंट ‘रंगीत पाणीच तर आहे’ म्हणून पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि जहाल विषारी असतं. सांडलेलं कूलंट कुत्री-मांजरं चाटतात, लहान मूल बाटली तोंडाला लावू शकतं. सुरुवातीला माणूस नशेत असल्यासारखा वाटतो, मूत्रपिंडं निकामी होतात ती नंतर. म्हणून कुणाच्या पोटात गेल्याची शंका जरी आली, तरी त्रास दिसायची वाट न बघता रुग्णालय गाठा आणि कूलंटचा डबा सोबत न्या. या विषावर उतारा आहे, पण तो वेळेत मिळावा लागतो.