इवल्या वीरांचा जीर्णोद्धार

खेळण्यांनाही इतिहास असतो, ही गोष्ट मोठ्या माणसांच्या सहसा ध्यानात येत नाही. प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावर खेळावयाच्या युद्धाचे नियम प्रसिद्ध केले, ते सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी. १९१३ साली एच. जी. वेल्स या इंग्रज कादंबरीकाराने ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात खेळण्यातील सैनिकांच्या लढाया घरातल्या जमिनीवर कशा मांडाव्यात, हे सांगून तोच खेळ सामान्य घरांत आणला. पुढे टॉल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही अद्भुत कथा १९५४-५५ साली प्रसिद्ध झाली आणि वाचकांच्या कल्पनेला निराळेच खाद्य मिळाले. अमेरिकेत १९७४ साली ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. मग इतिहासातील शिपायांच्या शेजारी दैत्य, खुजे योद्धे, मांत्रिक आणि पंखांचे महासर्प उभे राहिले. अमेरिकेत सिनसिनाटी येथे १९७५ साली ‘राल पार्था’ आणि इंग्लंडात १९७९ साली ‘सिटाडेल’ या संस्था अशा मूर्ती ओतू लागल्या. १९८३ साली ‘वॉरहॅमर’ हा खेळ आला, तेव्हापासून त्यांचा प्रसार फारच वाढला.

या मूर्ती सुमारे २५ मिलिमीटर उंचीच्या, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढ्या असत. मूर्तिकार कडक होणाऱ्या पुटीतून मूळ मूर्ती त्याच आकारात घडवी. ती रबराच्या दोन चकत्यांमध्ये ठेवून उष्णता आणि दाब दिला की रबर तिच्याभोवती पक्के होई आणि साचा तयार होई. हा साचा यंत्रावर वेगाने फिरवीत आणि त्याच्या मध्यभागी वितळलेला धातू ओतीत. फिरण्याच्या जोराने तो धातू चिलखताच्या कडीकडीत आणि दाढीच्या केसाकेसात शिरे. धातू असे तो मुख्यतः शिसे आणि कथील यांच्या मिश्रणाचा. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला आणि कथील २३२ अंशांना वितळते. परंतु योग्य प्रमाणात एकत्र केली की ती १८३ अंशांनाच पातळ होतात. ओतकामाला हा गुण फार सोयीचा. मात्र शिशाच्या विषारीपणाची चिंता वाढल्यावर १९९० च्या दशकात बहुतेक मोठ्या निर्मात्यांनी शिसे सोडले. त्यामुळे त्यापूर्वीच्या शिशाच्या मूर्तींना आज जुन्या वस्तूंचे मोल आले आहे. माळ्यावरच्या पेटीतून किंवा जुन्या बाजारातून अशी मूर्ती हाती येते, तेव्हा तिची तलवार वाकलेली असते, भाला मोडलेला असतो आणि अंगावर कोणा अनोळखी मुलाने चढविलेले रंगाचे जाड थर असतात. तिचे काय करावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

कारण अशा मूर्तीवर दोन हातांचे काम असते. पहिला हात मूर्तिकाराचा. त्याचे कौशल्य साच्यातून हजारो प्रतींत उतरलेले असते. एक प्रत बिघडली तरी दुसरी कोठेतरी शिल्लक असते. दुसरा हात रंगविणाऱ्याचा. त्याचे काम मात्र त्या एकाच प्रतीवर असते आणि ते पुसले की जगातून नाहीसे होते. अडचण अशी की, दुसऱ्या हाताने रंग जाड लावला असेल, तर पहिल्या हाताचे काम त्याखाली बुजून जाते. एकाला न्याय द्यावा तर दुसऱ्यावर अन्याय होतो. जीर्णोद्धार करणाऱ्याची खरी कसोटी येथे लागते.

या दोहोंच्या आधी धातूची प्रकृती पाहणे अगत्याचे आहे. शिशाला एक रोग जडतो. मूर्तीवर प्रथम राखी छटा आणि मग पांढरी भुकटी दिसू लागते, आणि वेळीच लक्ष दिले नाही तर नाकडोळे झिजून मूर्ती ठिसूळ होते. याचे कारण शिरक्यात असणारे असेटिक आम्ल. ओकसारख्या लाकडातून, काही पुठ्ठ्यांतून आणि गोंदांतून या आम्लाची वाफ सतत थोडीथोडी निघत असते. बंद कपाटात ती साठते आणि हवेतील ओलावा व कार्बन डाय-ऑक्साइड यांच्या साहाय्याने शिशाचे रूपांतर शिशाच्या कार्बोनेटात करते. या क्रियेत आम्ल पुन्हा मोकळे होते, म्हणून रोग आपोआप पसरत राहतो. चित्रकारांचा सफेदा तो हाच. युरोपात पूर्वी शिशाचे पत्रे शिरक्याच्या मडक्यांवर ठेवून आणि घोड्यांच्या लिदीची ऊब देऊन तो मुद्दाम बनवीत असत. जी क्रिया चित्रकाराला रंग पुरवीत होती, तीच कपाटातल्या मूर्तीला खाऊन टाकते! यावर उपाय साधा आहे. मूर्ती लाकडी खणातून काढून कोरड्या, हवेशीर जागी, धातूच्या किंवा काचेच्या फडताळात ठेवाव्यात. मात्र गेलेला धातू परत येत नाही. ती पांढरी भुकटी विषारी आहे; ती फुंकू नये की कोरडी घासू नये, हातमोजे घालून ओल्या कापसाने टिपावी. शिशाचे हे काम मुलांच्या हाती देऊ नये आणि जेवणाच्या मेजावर करू नये.

प्रकृती पाहून झाली की रंगाचा प्रश्न येतो. इटलीतील चेझारे ब्रांदी यांनी १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात जीर्णोद्धाराची तत्त्वे मांडली. नवी भर दुरून खटकू नये, परंतु जवळून पाहिल्यास ती ओळखू यावी, आणि पुढच्या दुरुस्तीला तिने वाट अडवू नये, असा त्यांचा आग्रह होता. मोठ्या भित्तिचित्रांसाठी सांगितलेला हा विवेक पेराएवढ्या मूर्तीलाही लागू पडतो. जुने रंगकाम पातळ आणि समजून केलेले असेल, तर कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ कुंचला यांनी केवळ धूळ काढावी. रंग ठिकठिकाणी उडाला असेल, तर तेवढ्याच जागा जुळत्या रंगाने भराव्यात. रंगाने मूर्तीचे रूपच झाकून टाकले असेल, तेव्हाच तो समूळ काढावा; आणि काढण्यापूर्वी चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत, म्हणजे त्या अनोळखी हाताची नोंद तरी उरेल.

रंग काढण्याचे द्रावण निवडताना मूर्ती कशाची आहे, याची खात्री करून घ्यावी. असेटोन धातूवरचा रंग झटपट सोडविते, पण बैठक किंवा ढाल प्लॅस्टिकची असेल तर तीच विरघळविते. शिवाय ते लगेच पेट घेते, म्हणून खोलीत वारा असावा आणि जवळ ज्योत नसावी. पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक रंगांना आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ करते. इंग्लंडातले अनेक हौशी रंगारी घरगुती डेटॉल वापरतात; मात्र डेटॉलमध्ये सुटलेल्या रंगाला पाणी लागले की त्याचा चिकट लगदा होतो, म्हणून मूर्ती प्रथम डेटॉलमध्येच घासून मग धुतात. घासण्यास दातांचा जुना ब्रश पुरतो. तारेचा ब्रश मऊ शिशावर कायमचे ओरखडे पाडतो. वाकलेली तलवार हळूहळू आणि शक्यतो एकदाच सरळ करावी, कारण पुनःपुन्हा वाकविलेला धातू थकून तुटतो. मोडलेल्या हाताला नुसता गोंद फार काळ धरत नाही. दोन्ही बाजूंना बारीक भोके पाडून त्यांत पितळेच्या तारेची खुंटी बसवावी आणि मग तो सांधावा.

नव्याने रंगविताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. सूर्यप्रकाशात उभ्या असलेल्या माणसाच्या कपड्यांच्या घड्यांत सावल्या पडतात. पेराएवढ्या मूर्तीच्या घड्या इतक्या उथळ असतात की, खऱ्या उजेडात त्यांच्या सावल्या डोळ्यांना जाणवतच नाहीत. म्हणून सावली रंगाऱ्याने स्वतः रंगवावी लागते. प्रथम अस्तराचा पातळ हात, त्यावर मूळ रंग, मग खाचांत उतरणारा गडद, पाणीदार रंग आणि शेवटी उंचवट्यांवर फिकट छटा, असा हा क्रम आहे. प्रत्येक थर पातळ असावा. एक जाड थर मूर्तिकाराची मेहनत बुजवू शकतो. २५ मिलिमीटरच्या मूर्तीत डोळ्याची रुंदी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी असते. तेथे कुंचल्याच्या लहानपणापेक्षा त्याच्या टोकाची अणी आणि रंगाऱ्याचा स्थिर श्वास अधिक उपयोगी पडतात.

काम संपल्यावर रोगणाचा मंद थर द्यावा आणि एका चिठ्ठीवर तारीख, वापरलेले रंग, बदललेले भाग आणि राखलेले भाग लिहून ती मूर्तीसोबत ठेवावी. आजचा जीर्णोद्धार उद्याच्या माणसाला जुनेच रंगकाम वाटणार आहे. ते राखावे की काढावे, हा प्रश्न त्यालाही पडेल. त्या वेळी ही चिठ्ठी त्याच्या उपयोगी पडेल.