विजेचा टेम्पो : खरेदी की भाडेपट्टा?

हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेला आणि फारसा आवाज न करता शेजारून निघून जाणारा मालवाहू टेम्पो आता आपल्या बाजारपेठांतही दृष्टीस पडू लागला आहे. पाटीचा हिरवा रंग ही गाडी विजेवर चालते याची खूण, तर पिवळी अक्षरे ही ती व्यावसायिक वाहतुकीसाठी नोंदलेली आहे याची खूण होय. परंतु पाटीवरून न कळणारी एक तिसरी गोष्टही असते. ती ही की, हा टेम्पो ज्या दुकानाचा माल वाहतो, त्या दुकानाच्या मालकीचा तो असेलच असे नाही. मोठ्या शहरांत घरपोच माल पोहोचविणाऱ्या अनेक संस्था अशा गाड्या विकत न घेता ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्याने घेतात.

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी बेकरी, किराणा दुकान, दुधाचे वितरण किंवा घाऊक व्यापार आहे. अशा एखाद्या गृहस्थाने आपले चार-पाच तेलावरचे टेम्पो काढून विजेचे घ्यावयाचे म्हटले, तर ते विकत घ्यावेत की भाडेपट्ट्याने, आणि मुळात घ्यावेत की नाही, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो. उत्तर चुकले तर घरची पुंजी अडकते. म्हणून या प्रश्नाचा थोडा खोलात जाऊन विचार करू.

प्रथम या दोन प्रकारच्या गाड्यांतील खरा भेद ध्यानात घेतला पाहिजे. तेलाची गाडी घेताना स्वस्त असते, पण चालविताना रोज पैसे खाते. विजेच्या गाडीचे नेमके उलट आहे. ती घेताना महाग आणि चालविताना स्वस्त. या महागपणाचे मुख्य कारण म्हणजे तिची बॅटरी. लोक ज्याला 'छोटा हत्ती' म्हणतात त्या टाटांच्या 'एस' टेम्पोचा विजेवरील अवतार मे २०२२ मध्ये जाहीर झाला. त्याच्या बॅटरीत २१.३ किलोवॅट-तास, म्हणजे आपल्या घरच्या मीटरच्या भाषेत २१.३ युनिट, वीज साठते. तो ६०० किलो माल वाहतो आणि प्रमाणित चाचणीत एका चार्जमध्ये १५४ किलोमीटर धावतो. एवढी वीज साठविणारी बॅटरी म्हणजे जणू पुढील कित्येक वर्षांच्या इंधनखर्चाचा एक भाग आजच, एकरकमी मोजण्यासारखे आहे. सरकारने १ ऑगस्ट २०१९ पासून विजेच्या गाड्यांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला, तरी हा फरक पुरता भरून निघत नाही.

येथे भाडेपट्टा उपयोगी पडतो. भाडेपट्टा म्हणजे काय, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला शिकवावे लागणार नाही. ज्याच्यापाशी स्वतःची जमीन नाही तो दुसऱ्याची जमीन खंडाने किंवा अर्धेलीने कसतो. खंड ठरलेला असतो. पीक बुडाले तरी तो द्यावाच लागतो. अर्धेलीत मात्र जे पिकेल त्यातील वाटा द्यावयाचा असतो. टेम्पोच्या भाडेपट्ट्यातही असेच दोन प्रकार आढळतात. पहिल्यात दरमहा ठरलेली रक्कम द्यावयाची; हा झाला खंड. दुसऱ्यात गाडी जितके किलोमीटर धावेल त्या मानाने पैसे द्यावयाचे. हा अर्धेलीच्या जवळ जातो. आपल्या देशात विजेच्या बसगाड्या पुष्कळशा या दुसऱ्या रीतीने आल्या. २०२२ मध्ये दिल्ली, कोलकाता, बंगळूर, हैदराबाद आणि सुरत या पाच शहरांसाठी ५,४५० बसगाड्यांची एकत्रित निविदा निघाली, तीत बस कंत्राटदाराची आणि परिवहन संस्थेने पैसे द्यावयाचे ते किलोमीटरच्या हिशेबाने, अशीच योजना होती. अर्थात अशा करारांतही किमान इतके किलोमीटर धरलेच जातील, अशी अट बहुधा असते. तेव्हा पूर्ण अर्धेली सहसा मिळत नाही.

भाडेपट्ट्यामुळे एकदम मोठी रक्कम घालावी लागत नाही, हा त्याचा उघड लाभ. परंतु तेवढा लाभ तर बँकेच्या कर्जानेही होतो. मग भाडेपट्ट्याचे वैशिष्ट्य कशात? ते जोखीम कोणी उचलावयाची या व्यवस्थेत आहे. विजेच्या गाडीच्या मालकाला दोन धास्ती असतात. पहिली बॅटरीच्या वयाची. वारंवार चार्ज केल्याने आणि उष्णतेने बॅटरीची साठवणशक्ती हळूहळू घटत जाते. दुसरी धास्ती त्याहून चमत्कारिक आहे. ती बॅटरी स्वस्त होण्याची! २०१० मध्ये बॅटरीच्या एका किलोवॅट-तासाला हजार डॉलरांहून अधिक खर्च येई. ब्लूमबर्गच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये तो सरासरी ११५ डॉलरांवर आला होता. ही घसरण नव्या गिऱ्हाइकाला सुखाची. पण ज्याने कालच महाग गाडी घेतली त्याची जुनी गाडी उद्या कोण चांगल्या भावाने घेणार? भाडेपट्ट्यात मुदत संपताच गाडी परत करावयाची असेल, तर या दोन्ही धास्ती पट्टा देणाऱ्या कंपनीच्या शिरावर जातात. अर्थात कंपनी हा भार फुकट उचलीत नाही. तिच्या भाड्यात त्याचे मोल धरलेलेच असते.

ही युक्ती आजची नव्हे. अमेरिकेतील हार्टफर्ड येथील वीज कंपनीने १९१० ते १९२४ या काळात अशीच एक योजना चालविली होती. व्यापाऱ्याने विजेचा ट्रक बॅटरीशिवाय विकत घ्यावा, बॅटरी कंपनीची असावी, ती उतरली की भरलेली दुसरी बसवून द्यावी, आणि व्यापाऱ्याने दरमहा ठरावीक आकार व धावलेल्या प्रत्येक मैलाचा दर द्यावा, अशी ती व्यवस्था होती. त्या योजनेतील गाड्या एकंदर साठ लाख मैलांहून अधिक धावल्या. बॅटरीची काळजी जिला त्यातले कळते तिच्याकडे सोपविली, हे या यशाचे एक मर्म होय. याउलट न्यूयॉर्कमध्ये १८९७ पासून विजेच्या भाडोत्री गाड्या चालविणाऱ्या कंपनीचे १९०७ मध्ये दिवाळे निघाले. तीही गाड्या भाड्याने देई. म्हणजे केवळ भाड्याची पद्धत स्वीकारल्याने धंदा तरत नाही. मग तरतो कशाने?

त्यासाठी एक हिशेब मांडून पाहू. पुढील आकडे कोणत्याही कंपनीचे नव्हेत. केवळ रीत कळावी म्हणून ते धरले आहेत. समजा, डिझेल ९० रुपये लिटर आहे आणि टेम्पो एका लिटरात १५ किलोमीटर जातो. तर दर किलोमीटरला ६ रुपये पडले. विजेचा दर १० रुपये युनिट आहे आणि विजेचा टेम्पो एका युनिटात ५ किलोमीटर जातो. तर दर किलोमीटरला २ रुपये पडले. म्हणजे प्रत्येक किलोमीटरमागे बचत ४ रुपये. आता तेलाच्या टेम्पोचा हप्ता, विमा व दुरुस्ती मिळून महिना १४,००० रुपये, आणि विजेच्या टेम्पोचे विमा व दुरुस्ती धरून भाडे महिना २०,००० रुपये, असे माना. विजेचा टेम्पो दरमहा ६,००० रुपयांनी महाग झाला. हे ६,००० रुपये चार-चार रुपयांनी भरून काढण्यास १,५०० किलोमीटर धावले पाहिजे. महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस धरले तर रोज ६० किलोमीटर. फोंड्याहून पणजीस माल पोहोचवून परत यावे, साधारण तेवढे हे अंतर झाले.

जो टेम्पो रोज ८० किलोमीटर धावतो, तो महिन्याला २,००० किलोमीटरवर ८,००० रुपये वाचवील आणि अधिक भाडे जाऊन मालकाच्या हाती २,००० रुपये राहतील. जो रोज ३० किलोमीटरच धावतो, तो ३,००० रुपये वाचवील आणि ३,००० रुपयांचा खड्डा पाडील. अशा चार गाड्या असतील तर खड्डा महिन्याला १२,००० रुपयांचा! आता वरची मर्यादाही पाहा. एका युनिटात ५ किलोमीटर या दराने २१.३ युनिटांत सुमारे १०६ किलोमीटर होतात. भार, चढ आणि उन्हाळा यांनी ते आणखी कमी होतील. तेव्हा केवळ रात्री एकदा चार्ज करून भागवावयाचे, तर आपल्या या उदाहरणात रोजची धाव साठाच्या वर आणि शंभराच्या आत असली पाहिजे. रोजचा मार्ग ठरलेला, अंतर माहीत, रात्री गाडी स्वतःच्याच आवारात, असा ज्याचा धंदा असेल त्याला हे वाहन मानवते. इंग्लंडमध्ये पहाटे घरोघर दूध टाकणाऱ्या विजेच्या गाड्या १९५० नंतरच्या दशकांत सर्रास चालत, त्याचे इंगित हेच. फेरी छोटी, रोज तीच, आणि पावलोपावली थांबण्याची. शिवाय गाडीला आवाज नसल्याने झोपलेल्यांची झोप मोडत नसे.

आपल्या भागात चोर्ल्याच्या घाटाचाही विचार करावा लागतो. चढताना वीज भराभर खर्च होते. उतरताना चाकांच्या गतीने मोटर जनित्रासारखी फिरून काही वीज बॅटरीत परत घालते; परंतु चढावर खर्चलेली सगळी वीज काही परत मिळत नाही. म्हणून घाटातून जाणाऱ्याने कागदावरच्या आकड्यावर न विसंबता, भरलेला टेम्पो प्रत्यक्ष त्या मार्गावर चालवून पाहावा आणि मगच करार करावा.

करारपत्र मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. वर्षाला किती किलोमीटरची मर्यादा आहे व त्यापुढे काय दर आहे? मुदतीआधी गाडी परत केल्यास किती दंड? गाडी बंद पडली तर त्या दिवशी दुसरी मिळेल काय? बॅटरीची शक्ती किती घटली म्हणजे कंपनी ती बदलून देईल? मुदत संपल्यावर ओरखडे आणि पोचे यांचे पैसे कोणी द्यावयाचे? या पाच प्रश्नांची उत्तरे लेखी असावीत. कायद्याच्या दोन गोष्टीही जाणून घ्याव्यात. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या १५० व्या कलमानुसार, भाड्याने दिलेल्या वस्तूतील दोषामुळे घेणाऱ्याचे नुकसान झाले, तर देणाऱ्याला तो दोष ठाऊक नसला तरी तो जबाबदार असतो. परंतु १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात 'मालक' या शब्दाची व्याख्या करताना, भाडेपट्ट्याच्या गाडीच्या बाबतीत ती ज्याच्या ताब्यात आहे त्यालाच मालक म्हटले आहे. म्हणजे गाडी दुसऱ्याची असली, तरी तिचा विमा, कागदपत्रे व चालक यांविषयी आपल्याला बेफिकीर राहता येत नाही.

शेवटी विजेच्या जोडणीविषयी. तीन किलोवॅटच्या चार्जरने असा टेम्पो पूर्ण भरावयास सात-आठ तास लागतात. ते रात्रीत सहज होते. परंतु पाच टेम्पो एकदम लावले, तर पंधरा किलोवॅटचा भार पडेल आणि दुकानाचा मंजूर भार बहुधा त्याहून पुष्कळ कमी असेल. म्हणून वीज खात्याकडे अर्ज करून भार वाढवून घेणे हे पहिले काम, आणि टेम्पो आणणे हे दुसरे. ज्याने हा क्रम उलटा केला, त्याचे भाडे पहिल्या दिवसापासून सुरू होईल आणि गाड्या मात्र अंगणात उभ्या राहतील. सगळ्या गाड्या एकदम बदलण्यापेक्षा एखादी आणून पाहणे आणि तेलाचा एक टेम्पो अडीअडचणीसाठी ठेवणे, यातही शहाणपण आहे.

तात्पर्य, विजेचा टेम्पो घ्यावा की नाही, याचे उत्तर गाडी किती धावते यावर अवलंबून आहे. आणि तो विकत घ्यावा की भाडेपट्ट्याने, याचे उत्तर बॅटरीची जोखीम आपल्याला कितपत झेपते यावर. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास तर विद्यार्थीही हातभार लावू शकतात. आपल्या घरच्या किंवा शेजारच्या दुकानाच्या टेम्पोचा किलोमीटरचा आकडा रोज सकाळी व संध्याकाळी पाहून एक महिनाभर वहीत टिपावा. तेल किती भरले, तेही लिहावे. महिन्याच्या शेवटी वर दाखविलेल्या रीतीने भागाकार करावा आणि ती वही वडीलधाऱ्यांच्या हाती द्यावी. कंपनीचा माणूस करारपत्र घेऊन दारी येईल, तेव्हा ती जवळ असलेली बरी.