ताट आणि पेला : अंबाडीला पुरून उरणारी वाइन

काळ्या रश्श्याचं मटण आणि बोर्डो हा विषय या आठवड्यावर टाकला होता, तो आणखी एक आठवडा लांबतोय. वांकिडीच्या एका निवृत्त गुरुजींचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न मटणापेक्षा चविष्ट आहे. (गुरुजी पत्त्यात अजून आदिलाबाद जिल्हाच लिहितात. कोमरम भीम आसिफाबाद जिल्हा 2016 साली वेगळा झाला, पण हाताला पडलेलं वळण असं सुटत नाही.) ते विचारतात, "पास्ता झाला, कोंबडी झाली. आमच्याकडं अंबाडीची भाजी अन् जवारीची भाकर असते. तिच्याबरोबर काही चालते का, की नाही म्हणता?"

चालते, आणि झकास चालते. आंबट पदार्थाला वाइन जमत नाही असं पुष्कळ जण धरून चालतात. वाइन मुळात आंबटच असते. द्राक्षातलं टार्टारिक आणि मॅलिक आम्ल तिच्यात उतरलेलं असतं. घरी करून बघा. वाइनचा एक घोट घ्या, मग लिंबाची फोड चोखा आणि पुन्हा घोट घ्या. दुसऱ्या घोटाला वाइन गोडसर, मऊ लागेल. ताटातला आंबटपणा पेल्यातला आंबटपणा झाकतो. म्हणून वाइन निदान भाजीइतकी तरी आंबट हवी, नाहीतर ती पाणचट लागते. उष्ण भागात द्राक्ष पिकत जातं तसं त्यातलं आम्ल उतरतं. त्यामुळे भरपूर उन्हात पिकलेल्या, मऊ आणि जड लाल वाइन इथं कामाच्या नाहीत.

आता खरी गंमत. वांकिडीसारख्या महाराष्ट्र-तेलंगणा सीमेवरच्या गावात एकाच पानाची दोन घरांत दोन रूपं होतात. मराठी घरात अंबाडी उकडून तिचं आंबट पाणी पिळून टाकतात, मग तूरडाळ, ज्वारीच्या कण्या, शेंगदाणे घालून शिजवतात आणि वरून लसूण-लाल मिरचीची चरचरीत फोडणी. आंबटपणा अर्धा ओसरलेला असतो, कण्या-डाळीनं भाजीला अंग आलेलं असतं. शेजारच्या तेलुगू घरात तीच गोंगुरा होते. पानं तेलात परततात, पाणी टाकायचा प्रश्नच नाही. आंबटपणा सगळा जागेवर, त्यात मीठ-मिरची सढळ हातानं आणि सणावाराला मटणसुद्धा.

मराठी भाजीला मी शेनँ ब्लाँ देईन. हे फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातलं द्राक्ष. आम्ल खणखणीत, तरी वाइनमध्ये थोडी साखर ठेवली तर शोभून दिसतं. त्याच खोऱ्यातल्या व्हूव्रेच्या बाटलीवर 'दमी-सेक' लिहिलेलं असेल तर ती किंचित गोड, 'सेक' असेल तर कोरडी. आपल्याला दमी-सेक हवी, कारण लाल मिरचीच्या फोडणीला ती जराशी साखरच शांत करते. मिरचीचा जाळ अल्कोहोलनं आणखी भडकतो, म्हणून चौदा-साडेचौदा टक्क्यांच्या वाइनपासून लांबच राहा.

गोंगुऱ्याला, त्यातही मटणाच्या, इटलीची बार्बेरा. पिएमोंतेतली ही लाल वाइन आम्लाला धारदार आणि टॅनिनला सौम्य. गेल्या आठवड्यात टॅनिनचा जो तुरटपणा सांगितला तो मिरचीशी भांडतो; बार्बेरात भांडायला फारसं काही नसतंच. त्याच पिएमोंतेतली बारोलो बार्बेरापेक्षा कितीतरी प्रतिष्ठेची. पण गोंगुऱ्यापुढं तिचं टॅनिन तोंड कोरडं करून सोडतं. इथं महागडी बाटली हरते, आणि मला त्याचा मनापासून आनंद होतो.

आता पैशांचं. बार्बेरा दास्ती तिकडे दहा युरोच्या आत सहज मिळते. आपल्याकडे आयात वाइनवर वर्षानुवर्षं दीडशे टक्के शुल्क होतं, वर राज्याचा कर; म्हणजे तिकडची रोजच्या जेवणातली वाइन इथं लग्नाच्या वाढदिवसाची होते. त्यामुळं गुरुजी, व्हूव्रेचा हट्ट सोडा. फ्रान्सचं तेच शेनँ नाशिकला पिकतं आणि तिथल्या बऱ्याच शेनँ वाइन मुळातच किंचित गोडसर असतात. आंबटपणा ल्वारइतका धारदार नाही, पण उकडून पिळलेल्या अंबाडीला पुरतो. बार्बेराऐवजी सांजोव्हेसे बघा. इटलीच्या किआंती वाइनचं हे मुख्य द्राक्ष सोलापूर जिल्ह्यात अकलूजला 'फ्रातेल्ली' या वाइन कंपनीनं लावलंय, तेही इटलीतल्याच तोस्कानाचे वाइनकार पिएरो मासी यांच्या देखरेखीखाली. टॅनिन बार्बेरापेक्षा जास्त, तेव्हा मटणात मिरची बेतानं.

शेवटची गोष्ट तुमच्या उन्हाळ्याची. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला युरोपातल्या गार घरांतला आहे. मे महिन्यातल्या वांकिडीत तो पाळलात तर पेल्यातून नुसता अल्कोहोलचा भपका येईल. लाल बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा, पांढरी दोन-तीन तास. उघडलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्येच ठेवलीत तर दोन-तीन दिवस टिकते. उरलीसुरली बार्बेरा मटणाच्या रश्श्यात मात्र ओतू नका, गोंगुऱ्यानं तो आधीच पुरेसा आंबट केलेला असतो.