इंदापूर तालुका ओस्लोला नेला तर

मर्केटरने १५६९ मध्ये जगाचा नकाशा काढला तो खलाशांसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून केलेला प्रवास त्यावर सरळ रेषेत दिसावा, एवढी त्यांची गरज. त्यासाठी ध्रुवांकडे जवळ येत जाणारी रेखावृत्ते समांतर ओढावी लागली. जमीन पूर्व-पश्चिम ताणली गेली. आकार बिघडू नये म्हणून तेवढीच दक्षिणोत्तरही ताणली. मोबाइलवरचे बहुतेक नकाशे आजही याच पद्धतीचे आहेत.

हा ताण सगळीकडे सारखा नसतो. बारामती आणि इंदापूर सुमारे १८ अंश उत्तर अक्षांशावर आहेत. तिथे विषुववृत्ताच्या तुलनेत क्षेत्रफळ जेमतेम ११ टक्के फुगते. ६० अंशांवर, म्हणजे ओस्लोच्या आसपास, ते चौपट होते. इंदापूर तालुका उचलून तिथे ठेवला, तर पडद्यावर तो आत्ताच्या साडेतीन पटींहून मोठा दिसेल!

ग्रीनलंड तर आफ्रिकेएवढे भासते. प्रत्यक्षात ते सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या दोन तृतीयांश. आफ्रिका त्याच्या चौदापट. यात मर्केटरचा दोष नाही, खलाशांचा नकाशा वर्गाच्या भिंतीवर टांगणाऱ्यांचा आहे. २०१८ मधला ‘इक्वल अर्थ’ नकाशा क्षेत्रफळ राखतो, पण त्यात आकार थोडे बिघडतात.