शिवणयंत्राच्या पेटीचा कुबट वास

पूर्वी हाताने फिरवावयाच्या शिवणयंत्राबरोबर त्याची लाकडी पेटीही येत असे. स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथे सिंगर कंपनीचा मोठा कारखाना होता. तो १९८० मध्ये बंद पडला. तेथील यंत्रे समुद्रमार्गे दूरदूरच्या देशांत गेली, तशीच ती आपल्याकडेही आली. अशी एखादी पेटी कित्येक वर्षांनी माळ्यावरून खाली काढावी, तिचे झाकण उचलावे, तोच कुबट दर्प नाकात शिरतो. आतील यंत्र अजूनही चांगले चालत असते. परंतु त्या वासामुळे त्यावर नवे कापड ठेवण्यास मन धजत नाही. मग ज्या यंत्रावर एके काळी साऱ्या घराचा चरितार्थ चालला, ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर जाऊन पडते.

हा वास येतो तरी कोठून? लाकूड हवेतील ओलावा शोषून घेते. कोकणासारख्या प्रदेशात पावसाळ्याचे चार महिने हवा दमट असते. हवेची सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ शेकडा ७० च्या वर राहिली, की बंद पेटीत बुरशी धरते. तिचे सूक्ष्म तंतू लाकडाच्या छिद्रांत शिरतात आणि वाढताना उडून जाणारी काही द्रव्ये हवेत सोडतात. तोच हा कुबट वास होय. पेटीच्या बुडाशी मुरलेले जुने तेल खवट होऊन त्यात आणखी भर घालते. अत्तर शिंपडून किंवा डांबराच्या गोळ्या ठेवून हा वास जात नाही. उलट, डांबराच्या गोळ्यांचा वास लाकडात असा मुरतो, की एक पीडा घालविताना दुसरी पदरी पडते!

प्रथम यंत्र पेटीतून बाहेर काढावे. पेटी अंगणात नेऊन, नाकातोंडावर फडके बांधून, ती घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने पुसावी. कोरड्या कुंचल्याने झाडल्यास बुरशीचे बीजाणू हवेत उडतात आणि श्वासावाटे छातीत जातात. दमेकऱ्यांनी तर हे काम करूच नये. आत लोकरीचे किंवा कापडाचे अस्तर असल्यास ते काढून टाकावे, कारण सर्वांत अधिक वास तेच धरून ठेवते. पाणी मात्र बेताने वापरावे. जुन्या पेट्यांचे सांधे बहुधा जनावरांच्या कातड्याहाडांपासून केलेल्या सरसाने जोडलेले असतात. हा सरस पाण्याने सुटतो. दुपारच्या रणरणत्या उन्हातही पेटी ठेवू नये. वरचा पातळ लाकडी पापुद्रा तडकून उचलला जातो. सकाळचे कोवळे ऊन व खेळती हवा तीनचार दिवस मिळाली, तर निम्मे काम होते.

नंतर वाटीत खाण्याचा सोडा व फडक्यात बांधलेला कोळसा आत ठेवून झाकण लावावे. खवट तेलाचा वास आम्लधर्मी असतो. त्याला सोडा मारतो. कोळशाचे काम निराळे आहे. त्याच्या अंगी असंख्य छिद्रे असतात व वासाची द्रव्ये त्यांत अडकून बसतात. औषधांच्या व रसायनांच्या दुकानात मिळणाऱ्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममधील छिद्रांचे पृष्ठफळ ५०० चौरस मीटरांहूनही अधिक भरते. चुलीतला कोळसा त्या मानाने दुबळा; तरी तोही उपयोगी पडतो. आठवड्याने दोन्ही बदलावीत.

इतके करूनही वास राहिलाच, तर लाखेचा उपाय करावा. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरील किड्यांचा स्राव. ती स्पिरिटमध्ये विरघळवून पेटीच्या आतील बाजूस दोन हात द्यावेत, म्हणजे उरलासुरला वास लाकडातच कोंडला जातो. परंतु लाकूड पूर्ण वाळण्यापूर्वी लाख लावल्यास ओलही आतच कोंडते. पेटीच्या बाहेरील जुन्या झिलईला स्पिरिट लागू देऊ नये, कारण पुष्कळदा तीही लाखेचीच असते. यंत्रावरील सोनेरी वेलबुट्टीही स्पिरिटने पुसली जाते. तिच्यावरून शिवणयंत्राच्या तेलाचा बोळा अलगद फिरवावा.

पेटी पुन्हा माळ्यावर न ठेवता, भिंतीपासून वीतभर दूर, वारा लागेल अशा जागी ठेवावी, आणि पावसाळ्यात उघडीप मिळेल त्या दिवशी तिचे झाकण काढून ठेवावे.